घाटात ओढणारं इंजिन : व्हीव्हीटीबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात बरीच पत्रं एकाच विषयावर आली : धावत्या इंजिनात कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) काही अंश पुढं-मागं सरकवून व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, म्हणजे व्हीव्हीटी. पत्रं थोडी छाटून छापतोय. पहिल्या उत्तराला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

काका, माझी २०१२ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. मोठ्या व्यासाचा हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप), फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघडा एअर फिल्टर बसवलाय. चार हजार आरपीएमच्या वर गाडी झकास पळते, पण पसरणी घाटात दुसऱ्या गिअरला खालून उचलतच नाही. ट्यूनर म्हणतो, रेमॅपमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलताना) व्हीव्हीटीपण ट्यून करू. म्हणजे नक्की काय करतात? पॉवर किती वाढेल? — वाचक, गोडोली, सातारा

पॉवर किती वाढेल हे तू विचारलंस, पण तुझं दुखणं पॉवरचं नाही, खालच्या टॉर्कचं, म्हणजे कमी आरपीएमच्या ओढीचं आहे. तुझं इंजिन मूळचं ११९७ सीसीचं, ८७ पीएस ६००० ला आणि ११४ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० ला. आपल्या जिल्ह्यात गाडी सहा हजारावर असते तरी किती वेळ? वाई-पाचगणी, यवतेश्वर, कास, ठोसेघर, सगळीकडे काम २००० ते ४००० मध्येच. म्हणून ट्यूनरकडे जाशील तेव्हा पहिलं वाक्य हे बोल : मला वरचा आकडा नको, अडीच हजाराला ओढ पाहिजे.

आता व्हीव्हीटी काय करते ते बघ. तीन हजार आरपीएमला पिस्टन वरून खाली यायला, म्हणजे क्रँकचा (पिस्टन जोडलेल्या मुख्य दांड्याचा) अर्धा फेरा व्हायला, १० मिलिसेकंद लागतात. सहा हजाराला फक्त ५. एवढ्या वेळात सिलिंडर हवेनं भरायचा असतो. म्हणून पिस्टन तळाला पोचला की इनटेक (हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह लगेच मिटत नाही. पिस्टन परत वर निघाला तरी बहुतेक इंजिनांत तो आणखी ४० ते ६० अंश उघडाच असतो. वरच्या आरपीएमला याचा फायदा होतो. धावत्या एसटीनं ब्रेक मारला की उभी माणसं पुढं रेटली जातात, तशी मॅनिफोल्डमधली (हवा आणणाऱ्या नळ्यांमधली) वेगात आलेली हवा पिस्टन वर येत असतानाही आत रेटत राहते. पण दोन हजाराला हवेला तो वेगच नसतो. तेव्हा उशिरा मिटणाऱ्या व्हॉल्व्हमधून आत आलेली हवा पिस्टन उलटी मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. ती हवा गेली, तिच्याबरोबर टॉर्कही गेला.

कॅम पुढं सरकवला, म्हणजे ॲडव्हान्स केला, की इनटेक लवकर मिटतो आणि खालच्या आरपीएमला हवा आत कोंडली जाते. मागं घेतला, म्हणजे रिटार्ड केला, की वरच्या आरपीएमला भरणं सुधारतं. तुझ्या इंजिनात फेजर (कॅम सरकवणारा भाग) फक्त इनटेक कॅमवर आहे आणि तो कॅमचा आकार बदलत नाही. व्हॉल्व्ह जितका वेळ उघडा राहायचा तितकाच राहतो, उघडणं आणि मिटणं दोन्ही सारखंच सरकतं. त्यामुळे मिटणं लवकर आणलंस की उघडणंही लवकर येतं, आणि एक्झॉस्ट (धूर सोडणारा) व्हॉल्व्ह अजून मिटलेला नसताना इनटेक उघडतो. दोन्ही एकदम उघडे असण्याचा तो काळ म्हणजे ओव्हरलॅप. योग्य आरपीएमला हेडर त्या काळात जळका धूर ओढून घेतो आणि ताजी हवा आत खेचतो. चुकीच्या आरपीएमला तोच धूर परत सिलिंडरमध्ये शिरतो.

तुझ्या गाडीत हेच बिनसलंय. कंपनीनं व्हीव्हीटीचा तक्ता (कुठल्या आरपीएमला कॅम किती अंश सरकवायचा याचे आकडे) भरला तो मूळच्या बारीक एक्झॉस्टसाठी. तू पाइपचा व्यास वाढवलास, धुराचा वेग कमी झाला, दाबाच्या लाटा परत येण्याची वेळ बदलली. तक्ता मात्र जुनाच राहिला. जुन्या एक्झॉस्टला पंचवीसशेला जो कोन बरोबर होता, तो या हेडरला जास्त होत असेल किंवा कमी पडत असेल. कुठला, ते अंदाजानं सांगता येत नाही, मोजावंच लागतं. आणि हेही स्पष्ट सांगतो : व्यास फारच मोठा असेल तर तक्त्यानं सगळा टॉर्क परत येणार नाही. माझ्या हातात असतं तर मी आधी हेडर बारीक व्यासाचा केला असता. लेथ आणि वेल्डिंगचं काम रेमॅपपेक्षा आधी.

मोजायची पद्धत अशी. गाडी डायनोवर (जागेवरच चाकं फिरवून टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर), गिअर चौथा किंवा जो एकास एकच्या जवळ असेल तो, तेल ९० अंशाच्या आसपास तापलेलं. इग्निशन (ठिणगीची वेळ) मुद्दाम तीन-चार अंश मागं ठेवायचं आणि मिश्रण फुल थ्रॉटलला लॅम्डा ०.८८ च्या जवळ (लॅम्डा १ म्हणजे हवा-इंधन नेमकं, त्याखाली इंधन जास्त), म्हणजे नॉकिंगची, मिश्रण अवेळी पेटून ठोके बसण्याची, भीती नको. मग व्हीव्हीटीचा कोन एकाच जागी बांधायचा. पहिली खेच शून्यावर, पुढची १० वर, मग २०, ३०, ४०. प्रत्येक वेळी २००० पासून ६५०० पर्यंत फुल थ्रॉटल. टॉर्कच्या सगळ्या रेघा एकावर एक ठेवल्या की कुठल्या आरपीएमला कुठला कोन वरचढ ते डोळ्यांना दिसतं. ते ते कोन जोडले की फुल थ्रॉटलची ओळ तयार. ती साधारण मधल्या आरपीएमला ॲडव्हान्स आणि वर जाताना हळूहळू रिटार्ड अशी निघते, पण तुझ्या हेडरमुळे मध्येच एखादा खड्डा किंवा उंचवटा दिसला तर दचकू नकोस.

त्यानंतरचा क्रम मोडायचा नाही. कोन बदलला की सिलिंडरमध्ये जाणारी हवा बदलते, म्हणून आधी इंधनाचा तक्ता परत बसवायचा. इग्निशन सगळ्यात शेवटी. इनटेक लवकर मिटला की प्रत्यक्ष कॉम्प्रेशन वाढतं आणि नॉकिंग लवकर येतं, त्यामुळे जुनं इग्निशन नव्या कोनाला चालेलच असं नाही. टॉर्क वाढायचा थांबेपर्यंत एकेक अंश पुढं न्यायचं आणि मग एक-दोन अंश परत घ्यायचं. हे उलट्या क्रमानं करणारे लोक आहेत. आधी इग्निशन ओढतात, मग कॅम हलवतात, आणि पिस्टनची कड फुटल्यावर पेट्रोलला दोष देतात.

तक्त्यातल्या शेजारशेजारच्या घरांमध्ये मोठी उडी ठेवू देऊ नकोस. २८०० ला ३५ अंश आणि ३००० ला १० असं लिहिलं तर तेलावर चालणारा फेजर तेवढ्या झटक्यात पोचत नाही आणि गाडी तिथंच गचका देते. लक्ष्य कोन आणि प्रत्यक्ष कोन, दोन्हींचा लॉग ट्यूनरकडून मागून घे. दोन रेघा एकमेकींना धरून चालल्या पाहिजेत.

आता आपल्या भागापुरतं एक महत्त्वाचं. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर आहे, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. महाबळेश्वरला हवेचा दाब समुद्रकाठच्यापेक्षा अंदाजे १५ टक्क्यांनी कमी असतो. तक्त्याच्या ओळी मॅनिफोल्डच्या दाबाप्रमाणे मांडलेल्या असतील तर मुंबईत १०० किलोपास्कलच्या ओळीवर केलेलं सगळं काम तुला वर कधी भेटणारच नाही. तिथं पॅडल तळाला दाबलंस तरी इंजिन ८५ च्या ओळीवर चालणार. म्हणून ८५ आणि ९० च्या ओळीही तितक्याच मनापासून भरून घे. घाटातली तुझी फुल थ्रॉटल तीच आहे.

अर्ध्या पॅडलचा, सावकाश चालण्याचा भाग शक्यतो कंपनीचाच ठेव. तिथं ओव्हरलॅप मुद्दाम वाढवून थोडा जळका वायू आत ठेवलेला असतो, त्यानं इंधन वाचतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ओव्हरलॅप जवळजवळ नको. तिथला कोन वाढवलास तर गाडी सिग्नलला थरथरेल.

ट्यूनरला पैसे देण्याआधी एवढं विचार : माझ्या इसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) फाइलमध्ये व्हीव्हीटीचा तक्ता तुम्हाला दिसतो का, आणि त्यातले अंश कॅमचे की क्रँकचे? कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. याचं उत्तर चटकन आणि ठाम आलं तर माणूस जाणकार आहे. खंबाटकीत रात्री गाडी पळवून ट्यून करतो म्हणाला तर नमस्कार करून परत ये. तो महामार्ग आहे, तिथं भरलेले ट्रक चढत असतात.

माझ्याकडे जुनी घेतलेली हॅचबॅक आहे. २०१९ च्या पुरात ती सांगलीतच होती असं नंतर कळलं. आता स्कॅनरवर पी ००११ हा बिघाडाचा कोड येतो. मेकॅनिक म्हणतात फेजर बदला. खर्च मोठा आहे. — एक शिक्षिका, मिरज

ताई, फेजर सगळ्यात शेवटी. पी ००११ चा अर्थ इतकाच, की इसीयूनं सांगितलं त्यापेक्षा कॅम जास्त ॲडव्हान्स राहिलाय. कुठला भाग बिघडला ते कोड सांगत नाही.

ही यंत्रणा पूर्णपणे इंजिन ऑइलवर चालते. ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह नावाचा सोलेनॉइड तेल फेजरच्या एका कप्प्यात किंवा दुसऱ्या कप्प्यात सोडतो आणि कॅम सरकतो. त्या सोलेनॉइडच्या वाटेवर बऱ्याच इंजिनांत बारीक जाळी असते. कृष्णेच्या पुराचा गाळ इतका बारीक असतो की तेल एकदा बदलून तो जात नाही, तळाच्या पॅनमध्ये बसून राहतो. तेव्हा आधी डिपस्टिक पाहा. तेल दुधाळ किंवा चिकट असेल तर ऑइल पॅन उतरवून आतली जाळी धुऊन घ्यायला सांगा. मग नवं तेल, नवा फिल्टर, सोलेनॉइड काढून त्याची आणि वाटेवरच्या जाळीची सफाई. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज आहे का तेही बघायला सांगा, पुरातल्या गाडीत तो हमखास असतो.

सोलेनॉइडची परीक्षा सोपी आहे. बहुतेकांचा रोध ७ ते १२ ओहमच्या आसपास येतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल. दुसरी परीक्षा मला जास्त आवडते : इंजिन गरम करून आयडलला ठेवायचं आणि सोलेनॉइडला क्षणभर थेट १२ व्होल्ट द्यायचे. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर आनंद माना. कॅम सरकला, ओव्हरलॅप वाढला, म्हणून आयडल बिघडलं. म्हणजे सोलेनॉइड, तेलाची वाट आणि फेजर तिन्ही काम करतायत. काहीच फरक पडला नाही तर अडथळा आतच कुठंतरी आहे. व्होल्ट क्षणभरच द्यायचे, धरून ठेवायचे नाहीत.

आणि एक विचारा : आधीच्या मालकानं तेल कुठलं घातलं होतं? इंजिनाचा आवाज दाबायला २०डब्ल्यू-५० सारखं जाड तेल घालायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ज्या इंजिनाला ५डब्ल्यू-३० लिहिलंय तिथं हे घातलं की फेजर सुस्त होतो आणि असेच कोड येतात. पुस्तिकेतलंच तेल वापरा. एवढं सगळं करूनही कोड राहिला तर टायमिंग चेन आणि मग फेजर.

व्हीटेक, व्हॅनॉस, व्हीव्हीटी-आय ही एकाच गोष्टीची नावं का? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कराड

नाही. दोन वेगळ्या कल्पना आहेत. एकीत कॅम फिरवून फक्त वेळ सरकवतात. विक्रीच्या गाडीत ती पहिल्यांदा १९८० मध्ये अल्फा रोमिओनं स्पायडरला दिली. बीएमडब्ल्यूची व्हॅनॉस १९९२ ची, टोयोटाची व्हीव्हीटी-आय १९९६ ची, दोन्ही याच घराण्यातल्या. दुसरीत कॅमचा लोबच (व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा) बदलतो. होंडानं १९८९ मध्ये इंटेग्राच्या बी१६ए इंजिनात व्हीटेक आणलं : खाली छोटा लोब, वर गेल्यावर तेलाच्या दाबानं पिन सरकून रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे छोटे दांडे) जोडले जातात आणि उंच लोबवर व्हॉल्व्ह जास्त उघडतो, जास्त वेळ उघडा राहतो. १.६ लिटरमध्ये टर्बोशिवाय १६० पीएस. मला आजही ते इंजिन त्या काळातलं सर्वांत धाडसी काम वाटतं.

आपल्याकडच्या जुन्या सिटी १.५ व्हीटेकमध्ये हीच लोब बदलायची पद्धत आहे. ती ट्यून करायची तर दोन्ही लोबवर वेगळ्या खेची घ्यायच्या आणि टॉर्कच्या दोन रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथं बदलाचा आरपीएम ठेवायचा. तो मुद्दाम वर ठेवून झटका आणणारी मुलं मी पाहतो. त्या झटक्याआधी जो टॉर्क कमी पडतो, तो त्यांनी स्वतःच घालवलेला असतो.

ऑटोक्रॉससाठी (वळणांच्या ट्रॅकवरच्या वेळेच्या शर्यतीसाठी) कोल्हापुरात कॅम रीग्राइंड करून, म्हणजे घासून आकार बदलून घेतला. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधला क्लिअरन्स तपासला, भरपूर आहे. तरी व्हीव्हीटी चालू ठेवायला भीती वाटते. — एक चालक, वाई

ताई, भीती योग्य आहे, आणि तपासणी कुठल्या कोनावर केली ते आधी सांगा. इंजिन बंद असताना इनटेकचा फेजर लॉक पिननं पूर्ण रिटार्डला अडकलेला असतो. तुम्ही तशीच तपासणी केली असेल तर मोजलेली जागा सगळ्यात सुरक्षित कोनाची आहे. धावताना इसीयू कॅम ४० अंश पुढं नेईल तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या कितीतरी जवळ येईल.

फेजर पूर्ण ॲडव्हान्सला धरून परत मोजा. पिस्टनवर प्लॅस्टिसिन लावा, जुनं गॅस्केट घालून हेड बसवा, क्रँकच्या बोल्टला पाना लावून हातानं दोन पूर्ण फेरे द्या. कुठं अडकल्यासारखं वाटलं तर जोर करू नका. हेड उतरवून प्लॅस्टिसिन कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा. इनटेकला २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टला अडीच, यापेक्षा कमी असेल तर मी ते इंजिन सहा हजारावर नेणार नाही. इनटेक पिस्टनला सर्वांत जवळ येतो तो वरच्या टोकानंतर दहा अंशांच्या आसपास, एक्झॉस्ट तितकाच आधी, त्या जागी खास लक्ष द्या.

जागा कमी पडली तर व्हीव्हीटी काढून टाकू नका. फेजरचा प्रवास आतून मर्यादित करता येतो : ४० ऐवजी २० अंशांवर थांबेल असा अडसर बसवायचा. नुसती इसीयूतली मर्यादा पुरत नाही, कारण सोलेनॉइड अडकला की कॅम इसीयूचं ऐकत नाही.

टर्बो बसवला तर ओव्हरलॅप शून्य करावा असं ऐकलं. खरं का? — वाचक, विटा

अर्धं खरं. प्रश्न एकच : त्या क्षणी इनटेकचा दाब जास्त की टर्बाइनच्या (टर्बोतल्या धुरानं फिरणाऱ्या चक्राच्या) आधीचा एक्झॉस्टचा? खालच्या आरपीएमला बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) आला असेल आणि एक्झॉस्टचा दाब कमी असेल तर ओव्हरलॅपमुळे ताजी हवा धूर धुऊन काढते आणि टर्बो लवकर जागा होतो. वर छोटा टर्बाइन गुदमरला की एक्झॉस्टचा दाब बूस्टच्या वर जातो, आणि मग ओव्हरलॅप म्हणजे गरम धूर आत आणि नॉकिंग. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला दाबाचा सेन्सर लावून दोन्ही दाब एकत्र पाहा. लॅम्डाच्या आकड्यावर या भागात विसंबू नका, ओव्हरलॅपमधून सरळ निघून गेलेली ताजी हवा सेन्सरला पातळ (इंधन कमी असलेलं) मिश्रण भासवते.

ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलवर माझं वाइडबँड मीटर (धुरावरून हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारं) १४.७ दाखवतं. मग मिश्रण बरोबर का? — वाचक, इस्लामपूर

बरोबर आहे, पण आकड्याचा अर्थ वेगळा. मीटर लॅम्डा मोजतं आणि शुद्ध पेट्रोलच्या हिशेबानं त्याला १४.७ नं गुणून दाखवतं. ई२० ला प्रत्यक्षात साधारण साडेतेरा भाग हवा लागते. मीटर लॅम्डावर ठेवा, गोंधळ संपेल. मात्र शुद्ध पेट्रोलवर बनवलेला इंधनाचा तक्ता ई२० वर पातळ पडतो, तो नव्यानं बसवून घ्या.

रेमॅप केला तर आरटीओ अडवेल का? — वाचक, सांगली

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. दुसरं इंजिन बसवायचं तर आधी आरटीओची मान्यता लागते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढणारं काम मी करत नाही आणि कुणाला सुचवतही नाही. मोठे बदल केलेली स्पर्धेची गाडी ट्रेलरवर न्यावी.

सकाळी सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड होते, मग बंद. हे व्हीव्हीटीचंच का? — वाचक, कोरेगाव

शक्यता मोठी आहे. रात्रभरात फेजरमधलं तेल उतरतं, लॉक पिन झिजली असेल तर तेल परत चढेपर्यंत फेजर आत आपटत राहतो. आधी ऑइल फिल्टर चांगल्या दर्जाचा बसवा. त्यातला तेल अडवणारा रबरी व्हॉल्व्ह निकामी असेल तरी हाच आवाज येतो, आणि तो सगळ्यात स्वस्त इलाज आहे. तेलाची पातळीही पाहा. फिल्टर बदलूनही आवाज राहिला तर चेनचा टेन्शनर आणि फेजर उघडून घ्या, आणि तोवर गार इंजिनाला जोरात रेझ करू नका.